डोंगरात बघण्यासारखं

आमच्या लग्नाला तीस-पस्तीस वर्षं होऊन गेल्यावर माझ्या नवऱ्याने मला आपणहून पहिल्यांदा काहीतरी दाखवलं. तो एक कंगवा होता.

कराडजवळच्या एका डोंगरावर, चढाच्या मध्यावर, करंजाच्या झाडाला तो सुतळीने बांधलेला होता. वर खिळ्याला एक चौकोनी आरसा, न्हाव्याच्या दुकानात असतो तसा, कडेला तडा गेलेला. हे माझ्यापुढे थोडं अंतर ठेवून चालत होते. थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "अगं, हे बघ." मला वाटलं साप. मी आहे तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, "मारू नका, जाऊ द्या त्याला." ते काही बोलले नाहीत, नुसती काठी झाडाकडे रोखून उभे राहिले. मग मी जवळ गेले आणि कंगवा बघितला.

डोंगराच्या माथ्यावर देऊळ आहे. चढून जाताना वारा असतो, घाम येतो, केसांचं काही खरं राहत नाही. देवासमोर तसंच कसं जायचं, म्हणून कुणीतरी ही सोय केलेली. सकाळी डोंगर चढणारे सगळे, म्हणजे पेन्शनर, भरतीची तयारी करणारी पोरं, साखर वाढलेल्या बायका, तिथे थांबून त्याच एका कंगव्याने भांग पाडतात आणि पुढे जातात. एक पूर्ण टक्कल असलेले गृहस्थ आमच्यादेखत आरशासमोर उभे राहिले, डोक्यावरून नीट हात फिरवला आणि समाधानाने वर गेले. मी पण केस सारखे केले. यांनी केले नाहीत. फौजी कटिंगला कंगव्याचं काम पडत नाही.

हे फौजेत होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले, मग काही वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, मग तेही संपलं. नोकरीत देशातले कुठले कुठले डोंगर यांनी पायाखाली घातले. सुट्टीवर आले की मी हौसेने विचारायचे, "तिकडं काय हाय बघण्यासारखं?" हे म्हणायचे, "डोंगर." "अजून?" "बर्फ." राजस्थानात बदली झाली तेव्हा मला जरा आशा वाटली. "तिकडं वो?" "वाळू." एवढ्यात माझा भारत बघून झाला. यांचा स्वभाव वाईट नाही. पगार वेळेवर पाठवायचे, दारू नाही, हात उगारणं नाही. पण बोलणं म्हणजे रेशनवर मिळाल्यासारखं. माझ्या बहिणी म्हणायच्या, तुझं बरं आहे, भांडण तरी होत नाही. भांडायला दोन माणसं लागतात हे त्यांना कोण सांगणार.

कायमचे घरी आल्यावर यांनी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मला हळद अजून शोधावी लागते. मग तपासणीत साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. कॉलनीला छान रस्ता आहे, पण तो यांना पसंत पडला नाही. "सपाटीला चालणं म्हंजे बाजार करणं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना मोटारसायकल काढून डोंगराकडे निघाले. मी पण मागे बसले. मला डोंगराची हौस नव्हती. माझे सासरे साठी गाठता गाठता उसाच्या बांधावर जरा टेकतो म्हणून बसले, ते उठलेच नाहीत. त्यांचे थोरले भाऊही तसेच गेले. आता यांनी साठी गाठली होती. हे विषय घरात निघत नसत. पण हे डोंगरात एकटे कुठे बसले आणि उठले नाहीत, तर निरोप आणायला तरी कुणी असावं, एवढ्यासाठी मी स्पोर्टचे बूट घेतले. गुलाबी होते, दुसऱ्या रंगात माझ्या मापाचे मिळाले नाहीत.

आणि मग कंगवा झाला.

त्यानंतर यांना जे दिसायला लागलं, ते दिसतच राहिलं. चढाला लागलो, जरा वर गेलो की हे थांबायचे, वळायचे आणि काठी रोखायचे. "हे बघ." एवढं बोलून गप्प उभे राहायचे. मला वाटायचं, आधी मला नीट बघू देतात. मग थोड्या वेळाने सांगायला लागायचे. पाय फाकवून, एक हात कमरेवर, एक काठीवर, असं उभं राहून माझा नवरा मला जग समजावून सांगत होता. मला काय वाटलं ते सरळ लिहिते: मला फार आनंद झाला. पहाटे उठून मी वेणी घालायला लागले, आणि वरच्या कंगव्यासाठी ती परत सोडायची वेळ येऊ नये म्हणून घट्ट घालायला लागले. बहिणींना फोन करून सांगितलं, आमच्या ह्यांना डोंगराचा नाद लागलाय, मला काय काय दाखवतात. बहीण म्हणाली, "भावजींचंच सांगतीस ना?"

रविवारी आम्ही लांबचे डोंगर धरायला लागलो. एकदा कोयनानगरच्या पुढे गेलो. तिकडच्या एका पायवाटेवर वळणावर आलो तर यांनी काठी रोखली. पुढे एक मोठा काळा दगड होता, त्यावर एक आजी उभी, आणि दगडाकडे पाठ करून चार-पाच माणसं रांगेत गवतावर बसलेली. लांबून असं दिसत होतं की म्हातारीवर अख्खं गाव रुसलंय. जवळ गेल्यावर कळलं, त्या डोंगरात मोबाइलची रेंज फक्त त्या दगडावर येते. खालच्या वाडीतली माणसं फोन करायला वर चढून येतात, चपला काढून दगडावर चढतात आणि बोलतात. बाकीच्यांनी तोवर पाठ करून दरीकडे बघत बसायचं, अशी रीत आहे. दुसऱ्याचं घरगुती बोलणं ऐकू नये म्हणून.

आजी मुंबईच्या सुनेशी बोलत होती. आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. नातवाला ताप आहे, डॉक्टरने कुठलं औषध दिलं, ते पोरगं ओकलं, सुनेच्या आईने परस्पर काय सल्ला दिला, सगळं दरीपर्यंत जात होतं. रांगेतली माणसं गंभीर चेहऱ्याने समोरच्या धुक्याकडे बघत होती. हेही रांगेच्या टोकाला पाठ करून ताठ उभे राहिले. आजी उतरली, चपला घातल्या आणि सगळ्यांना म्हणाली, "नातवाला ताप हाय गं बाय." सगळे एकदम वळले. "आं? कवापासनं?" कुणी म्हणालं, "पण औषध दिलं आसंल की." आजीने पहिल्यापासून सगळं परत सांगितलं आणि सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं.

त्याच वाटेवर पुढे दगडांची घरं होती. घर व्हावं म्हणून देवाच्या डोंगरावर दगडावर दगड रचून बारकं घर मांडायची पद्धत आपल्याकडे आहेच. कराडकडच्या डोंगरांवर मी दुमजली, तिमजली घरं बघितलीत. एकाने पुढे चार खडे मांडून पार्किंग पण केलं होतं. पण कोयनेच्या बाजूची सगळी घरं बैठी निघाली. एकावरही मजला नाही. हे गप्प उभे राहिले, जरा वेळाने म्हणाले, "भूकंपाचा भाग हाय. देवाकडं मागतानाबी मजला मागत न्हाईत." मला ते इतकं आवडलं की मी घरी येईपर्यंत मोटारसायकलवर मागे बसून हसत होते. यांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" पूर्वी विचारलं नसतं.

माझं माहेर विट्याकडचं. भाऊ तमिळनाडूत सोनं गाळायच्या धंद्यात आहे, त्या धंद्यापायी निम्मं गाव बाहेरच असतं आणि जत्रेला तेवढं परत येतं. जत्रेला आम्हीही गेलो आणि सकाळी उठून गावामागच्या टेकडीवर चढलो. टेकडीवरच्या देवळाला धंदेवाल्या लोकांनी संगमरवर घातलाय, त्यामुळे ते उन्हात डोळ्यांना बघवत नाही. पायऱ्या संपायच्या जरा अलीकडे हे थांबले. तिथे एक काळा ग्रॅनाइटचा फलक होता, त्यावर सोनेरी तमिळ अक्षरं. फलकाला हळदीकुंकू वाहिलेलं, वर जास्वंदीचं फूल, आणि चढणारा प्रत्येक माणूस त्याला हात लावून तो कपाळाला लावत होता. मग चपलांसकट पुढे देवळाच्या ओट्यापर्यंत जात होता. यांनी फलकाकडे काठी केली नाही, हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी मी वहिनीला विचारलं. ती एवढी वर्षं तिकडे राहिलेली, तमिळ वाचते. ती म्हणाली, "आवं वन्सं, 'चपला इथं काढा' असं हाय त्येच्यावर." भावाच्या भागीदाराने तिकडेच करून घेतला, स्वस्तात पडला म्हणून, आणि रेल्वेने आणून बसवला. भाषेचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता फूल वाहायला लागले, तर सांगायचं कसं, म्हणून कुणी सांगत नाही. हे ऐकून माझा नवरा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "जावयबापूंची तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "झकास हाय."

तिथूनच पुढे आटपाडीच्या बाजूच्या पठारावर गेलो. तिकडे झाड म्हणून नाही. नुसतं पिवळं माळरान आणि त्यावर पवनचक्क्या. चढ काही फारसा नव्हता, तरी हे अध्येमध्ये थांबत होते. एका ठिकाणी थांबले, आणि मी बघितलं तर खरंच बघत राहावं असं होतं. पवनचक्कीच्या खांबाची सावली माळावर पडलेली, लांब आणि अरुंद, आणि त्या सावलीत शे-दीडशे मेंढरं एकामागे एक अशी सरळ रांगेत उभी. सावलीबाहेर एक शेपूटसुद्धा नाही. रांगेच्या शेवटी मेंढपाळ, तोही उभा, घोंगडं खांद्यावर, सावलीच्या मापात मावलेला. ऊन सरकलं की रांग सरकायची. आवाज नाही, हाकारा नाही. आख्खी रांग एक पाऊल बाजूला व्हायची. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं सरळ आमचं रंगरूट सा महिन्यानंबी उभं राहात नव्हतं." मी तिथे माळावर बसून घेतलं. म्हटलं, जरा बसू या. हे लगेच बसले. मला आठवतं, मला त्या वेळी वाटलं होतं की माणसाची म्हातारपणं अशी जावीत.

पावसाळा गेला, थंडी पडली. आमच्या रोजच्या डोंगरावर यांना आणखी जास्त दिसायला लागलं. आधी वर जाईपर्यंत दोन-तीन गोष्टी दाखवायचे, आता प्रत्येक वळणाला एक. मी एवढी खूश होते की गोष्टी कुठल्या दर्जाच्या चालल्यात याकडे माझं लक्ष नव्हतं. "हे वारूळ बघ." बघितलं. "हा सरडा बघ." सरडा निघून गेलेला असायचा. "ह्ये झाड बघ. वाळलंय." वाळलेलं झाड होतं. एकदा पायऱ्यांच्या कठड्याला कुणीतरी चुना लावला होता, तो बघितला. मी प्रत्येक वेळी "अगंबाई" म्हणायचे. नव्याने बोलायला लागलेल्या माणसाचा हिरमोड करू नये.

मग एके दिवशी चढाच्या पहिल्याच टप्प्यात, खालचं वाहनतळ अजून दिसत होतं, हे थांबले आणि म्हणाले, "हे बघ."

मी बघितलं. एक दगड होता.

"काय आहे त्यात?"

"बघ की."

"बघितलं."

हे काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परत बघ."

मी दगड परत बघितला नाही. मी यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता, आणि त्या पहाटे तोंडातून वाफ निघत होती एवढी थंडी. ओठ पांढरे पडलेले. डावा हात शर्टाच्या खिशावर, काहीतरी चाचपडल्यासारखा, आणि खिशात काही नव्हतं. काठी दगडाकडे रोखलेली होती आणि थरथरत होती. हे मला दगड दाखवत नव्हते. हे श्वास परत यायची वाट बघत होते. आणि मला दुसऱ्याच क्षणाला कंगव्यापासूनचं सगळं कळलं, सगळ्या गोष्टी कुठे कुठे बघितल्या ते, प्रत्येक वेळी चढ कसा होता ते, आणि काठी रोखल्यावर हे लगेच का बोलत नसत ते.

 सासरे बांधावर बसले होते तो बांध मला दिसायला लागला.

आता या माणसाला "दम लागलाय का" असं विचारलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. "कुणाला? मला?" असं म्हणून हा माणूस पुढचा चढ पळत चढला असता. तुम्हाला दवाखान्यात जायला हवं म्हटलं असतं तर डोंगर संपवून, देवदर्शन करून, घरी जाऊन आंघोळ करून, मग नको म्हटलं असतं. फौजेत दुखणं सांगायचं नसतं, हे त्यांच्या हाडात गेलेलं. दुसऱ्याचं दुखणं मात्र लगेच उचलायचं असतं. म्हणून मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "आवं, मला गरगरतंय. छातीत कसंतरी होतंय."

माझी चूक लगेच माझ्या लक्षात आली. हे एका झटक्यात माझ्याजवळ आले, काठी टाकली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "घाबरू नको. उचलतो."

जखमी माणसाला खांद्यावर टाकून डोंगर उतरायचं शिक्षण यांनी घेतलेलं आहे. माझं वजन मी इथे लिहीत नाही. यांचा एक हात माझ्या गुडघ्यामागे आलासुद्धा, आणि मी जन्मात कधी एवढ्या लवकर बरी झाले नाही. "नको नको," मी ओरडले, "चालता येतंय! उचललं की जास्त गरगरतं!" दोन कॉलेजची पोरं धावत आली, काकू काय झालं म्हणून. एकाने मोबाइल काढला. हे त्याच्यावर ओरडले, ओरडल्यावर त्यांना परत दम लागला, आणि त्यांनी पोराला समोरचं रुईचं झाड दाखवलं.

आम्ही उतरायला लागलो. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला होता, भार न टाकता. दर थोड्या अंतराने मी म्हणायचे, "बसते जरा," आणि बसायचे, आणि हे शेजारी बसायचे. दोन बोटं माझ्या तोंडापुढे धरून विचारायचे, "किती?" मी म्हणायचे, "दोन." "बरं हाय." तेवढ्यात यांचा श्वास जागेवर यायचा. मग उठायचो. खाली आल्यावर मी मोटारसायकलवर बसायला नकार दिला, पडेन म्हटलं, खरं तर यांनी गाडी चालवायला नको होती. रिक्षा केली. मोटारसायकल तशीच वाहनतळावर सोडायला यांना फार जड गेलं.

दवाखान्यात यांनी दारातूनच जाहीर केलं, "पेशंट हाय." मला आत नेलं, आडवं केलं आणि कार्डिओग्राम काढायला हातापायांना चिमटे लावले. हे उशाशी उभे होते. मला म्हणाले, "दुखतंय का?"

मी म्हटलं, "लय दुखतंय."

ते चिमटे दुखत नाहीत. पण मला दुसरं काही सुचलं नाही. हे म्हणाले, "काय दुखत न्हाई. उगं भितीस." मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? तुमचा कवा काढलाय?" यांनी परिचारिकेकडे बघितलं आणि शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "हिचं झालं की माझा बी काढा. हिला दाखवतो, कसं दुखत न्हाई ते."

माझी पट्टी निघाली ती नीट होती. मग मी उठले, हे तिथे आडवे झाले, आणि चिमटे लावून घेताना माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, काही नाही. परिचारिकेने पट्टी बघितली आणि डॉक्टरांना आणायला गेली. डॉक्टर आले. तरुण होते. त्यांनी पट्टी बघितली, मग हे उठायला लागले तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, उठायचं नाही."

"पेशंट ती हाय," हे म्हणाले.

"त्या एकदम ठीक आहेत."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथे, सगळ्यांसमोर रडायला लागले.

डॉक्टरांनी विचारलं, चढताना छातीत दडपण येतं का? न्हाई. दम लागतो का? न्हाई. मध्ये थांबावं लागतं का? यावर हे जरा थांबले. मग छताकडे बघत म्हणाले, "थांबतो. पण ते हिला दाखवायला."

"काय दाखवायला?"

 डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी रडत होते, आणि माझ्या रडण्यात दोन रडणी मिसळली होती. एक, माणूस हातात राहिला याचं. दुसरं मला कुणाला सांगता आलं नसतं. वर्षभराचं आमचं सुख या डॉक्टरने एका वाक्यात विचारलं होतं, आणि ते लक्षण निघालं होतं.

पुढचं सगळं नीट झालं. दोन ठिकाणी स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर तसेच चढत राहिले असते तर सांगता येत नव्हतं. घरी आल्यावर यांनी मला एकदाच विचारलं, "तुझी चक्कर?" मी म्हटलं, "गेली." "बरं," म्हणाले. त्यांना कधी कळलं, कळलं का, हे मी विचारलं नाही. काही महिने कॉलनीच्या सपाट रस्त्यावर चालले, बाजार केल्यासारखे. मग पुन्हा तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, आता बेधडक चढा.

हे बेधडक चढले.

पहिल्याच दिवशी पायथ्यापासून जे निघाले ते एकसारखे, काठी काखेत मारून, मान खाली न घालता, वर. वळण आलं, थांबले नाहीत. कंगव्याचं झाड आलं, बघितलं नाही. मी मागून गुलाबी बुटात. पाठ दिसत होती, नुसती पाठ. वर पोचल्यावर घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, "चला." उतरलो. दुसऱ्या दिवशी तेच. ओळखीचे पेन्शनर कौतुक करायला लागले, सुभेदार, तुम्ही तर जवान झाला. बहिणीचा फोन आला, बरंय ना सगळं? मी म्हटलं, एकदम बरंय. आणि फोन ठेवून भांडी आपटली. माझा नवरा धडधाकट झाला होता आणि मी देवाला काय तोंडाने तक्रार करणार होते?

आठवडा असा गेला. मग एके दिवशी मधल्या एका पायरीवर मी बसले. चालायचं म्हणून चालेना. हे वर गेले. बऱ्याच वेळाने काठी आपटल्याचा आवाज आला, खाली आले.

"काय झालं? गरगरतंय?"

"न्हाई."

"दम लागला?"

"न्हाई."

"मग?"

मला जे बोलायचं नव्हतं तेच मी बोलले. "तुमी आजारी हुता तेच बरं हुतं."

हे उभे राहिले. खालून एक घोळका बोलत चढत होता, तो आमच्या बाजूने गेला, कुणीतरी रामराम केला, यांनी घेतला. मग हे माझ्याशेजारी पायरीवर बसले. मला वाटलं रागावले. मी घाईघाईने म्हटलं, "तसं न्हवं. दम लागायचा म्हणून थांबत हुता, तेवढ्यापुरतं दाखवत हुता, ते मला समदं कळलंय. माझं आपलं उगंच."

 यांचा श्वास शांत चालला होता, मी कान देऊन ऐकला. मग म्हणाले, "दम लागायचा, ते खरं. पण नुसतं थांबायचंच असतं तर बुटाची नाडी बांधली असती."

दम लागलेल्या माणसाला वाकून नाडी बांधता येत नाही. दवाखान्यात एवढे दिवस काढल्यावर हे मला चांगलं माहीत झालं होतं, आणि ते त्यांनाही माहीत असणार. मी ते बोलले नाही. मला तेच उत्तर हवं होतं, आणि मी ते घेतलं.